फाटकावरच्या दोन रांगा

४ मार्च, सोमवार

बाळ, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू ही वही देऊन गेलीस त्याला दोन आठवडे झाले. जाताना म्हणालीस, "बाबा, फाटकावर जे दिसेल ते रोज लिहा, बरं-वाईट निवडत बसू नका." आधी पेन चालेना. मग चष्म्याची काडी निसटली. खरं सांगायचं तर धीरच होत नव्हता. तू विद्यापीठात शिकवणार, आणि माझं शिक्षण पाचवी, त्यातही चौथीत दोन वर्षं मुक्काम. वही तुझी म्हणून तुझ्याशी बोलल्यासारखं लिहितो. पाठवीन की नाही, ते ठरवलेलं नाही.

तू काय शिकवतेस हे मला अजून शेजाऱ्याला नीट सांगता येत नाही. माणसं भांडतात का आणि थांबतात कशी, एवढं सांगतो. तो म्हणतो, त्याला विद्यापीठ कशाला लागतं? मी म्हटलं, भांडायला लागत नाही, थांबायला लागत असेल.

आता कामाचं. जानेवारीत पुलावर दगडफेक झाली, शाळा पाच आठवडे बंद राहिली, हे तुला माहीत आहे. आपली शाळा कालव्याच्या काठावर, पुलाच्या तोंडाशी. दोन्ही काठांची मुलं तिथं येतात. आपण त्यांना पलीकडचे म्हणतो, ते आपल्याला पलीकडचे म्हणतात. मी एकतीस वर्षं त्या शाळेचा शिपाई होतो, घंटा देत होतो. म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला घरून बोलावून घेतलं. म्हणाल्या, "काका, फाटकावर दोन्हीकडच्यांच्या विश्वासातलं माणूस पाहिजे."

आज बाईंनी खात्याचं पत्र वाचून दाखवलं. पलीकडची मुलं आधी सत्तर होती. वीस तारखेला साहेब येऊन मोजणार. चाळीसच्या खाली भरली तर शाळा फोडणार. त्या मुलांना त्यांच्या काठावर पत्र्याची शेड बांधून देणार. मग या गावात दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतील अशी जागाच उरणार नाही.

आज पलीकडची अठ्ठावन्न आली. मी स्वतः मोजली. रोज मोजणार आहे. माझ्या फाटकावर एकाही मुलाला ओरखडा येऊ देणार नाही.

५ मार्च, मंगळवार

काल आत शिरताना धक्काबुक्की झाली. एकाच्या शर्टाचं बटण तुटलं. बटणावरून दगड, दगडावरून काय काय, हे आपण पाहिलेलं आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आज मी तोड काढली. दोन रांगा. अलीकडच्यांची भिंतीच्या बाजूने, पलीकडच्यांची कालव्याच्या बाजूने. कालव्याकडे ऊन लागतं हे खरं, पण ती मुलं येतातच त्या बाजूने, त्याला मी काय करणार.

मावशीला पसंत पडलं नाही. ती झाडलोट करते, पाणी भरते. राहते पलीकडे, पण आम्ही बावीस वर्षं एकत्र काम केलंय. हातात झाडू घेऊन विचारते, "दादा, मी कुठल्या रांगेत?"

"तुला कशाला रांग? तू आपली."

"आपली म्हणजे कुणाची?"

"उगाच कीस काढू नकोस."

तर ती मुकाट्याने जाऊन उन्हातल्या रांगेच्या शेवटी उभी राहिली, झाडूसकट. मुलं खिदळली. तिला पहिल्यापासून कुजकट चेष्टेची सवय आहे.

पण धक्काबुक्की अजिबात झाली नाही. सत्तावन्न.

७ मार्च, गुरुवार

बाजारात कोणीतरी म्हणत होतं की सुरे आता मुलांच्या दप्तरांतून इकडचे तिकडे होतात. कोण म्हणालं ते आठवत नाही, पण म्हणालं. मला जेवण गेलं नाही. आजपासून दप्तरं तपासायला घेतली. घंटेआधी वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात सगळी होत नाहीत. म्हणून लांबून येणाऱ्यांची आधी. अलीकडची मुलं डोळ्यांसमोरची, त्यांचे आजे माझ्या ओळखीचे.

पलीकडच्या रांगेत एक चौथीतली मुलगी आहे. तिला सगळी शाळा प्रश्नपत्रिका म्हणते, कारण ती तोंड उघडते ते विचारायलाच. नऊ वर्षांची असेल. जुन्या उशीच्या अभ्र्याचं दप्तर आणते. आज माझी हजेरी घेतली.

"काका, काठीने का उघडता?"

"माझा गुडघा वाकत नाही."

"मग मी वर धरू का?"

"बोलायचं नाही."

"पण वर धरलं तर दिसेल ना?"

"पुढे चल."

"लंबूचं दप्तर कोण बघणार?"

लंबू म्हणजे तिची मैत्रीण, अलीकडची, वर्गात सगळ्यांत उंच. दोघी पुलाच्या टोकाशी भेटायच्या आणि हातात हात घालून फाटकात यायच्या. आता रांगा वेगळ्या, तर मधल्या मोकळ्या जागेवरून ओरडून बोलतात. मी सांगितलं, रांगेत बोलणं बंद. बोलण्यातूनच वाढतं सगळं.

पंचावन्न.

११ मार्च, सोमवार

एक्कावन्न. जीव टांगणीला लागलाय. पलीकडच्या आईबापांना पुलाची धास्ती असणार, दुसरं काय? बाईंना म्हटलं, फाटक आणखी कडक करू, म्हणजे त्यांना भरवसा वाटेल. बाई दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "बघा काका, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

शिट्टी आणली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे गप्प. एवढी शिस्त मी एकतीस वर्षांत पाहिली नाही. पूर्वी सकाळी फाटकावर बाजार भरायचा. आता कालव्याचं पाणी वाहताना ऐकू येतं. पुलावरचा पोलीसही म्हणाला, "काका, तुम्ही असताना माझं इथं कामच काय?" बरं वाटलं. आपल्या घरीही असंच होतं, नाही का? मी कामावरून आलो की सगळं जागच्या जागी. तुझी आई म्हणायची, भिंतीसुद्धा हळू बोलतात.

लंबूने आज मला बघून भिंतीकडे तोंड केलं. लहर आली असेल.

१२ मार्च, मंगळवार

आज फार मोठा अनर्थ टळला.

प्रश्नपत्रिकेच्या दप्तराला काठी लावली आणि आतून खट्ट आवाज आला. बघतो तर दगड. एक नाही, तीन.

"हे काय आहे?"

"अभ्यासाचे आहेत, काका."

"दगडांचा कसला अभ्यास?"

"मास्तरांनी तीन प्रकारचे आणायला सांगितलेत. हा गुळगुळीत. हा खडबडीत. आणि हा ना..."

तिसरा कसला ते सांगत होती, पण तेवढ्यात मी शिट्टी फुंकली. दप्तर उलटं केलं, अजून काही आहे का बघायला. वह्या पडल्या, फणी पडली, पेन्सिल घरंगळत गटारात गेली. अभ्र्याची शिवण उसवली. मी लगेच पुढच्याचं दप्तर उघडलं, त्यातही दगड. त्याच्या पुढच्याचं, त्यातही. शिट्टी ऐकून पोलीस काठी उगारून पळत आला आणि पोरं उधळली. दोघं छोटे पडले, गुडघे फुटले, पण दगड कुणी फेकला नाही. फेकायला मी वेळच दिला नाही.

अकरा दप्तरांतून एकोणतीस दगड. बादलीत भरून बाईंच्या खोलीत ठेवले, पुरावा म्हणून. मुलीने पेन्सिलसुद्धा मागितली नाही. तिथंच उभी होती, फणी हातात घेऊन. मी म्हटलं, जा आत, तुला कुणी मारत नाही.

आज झोप लागेल असं वाटतं.

१३ मार्च, बुधवार

चव्वेचाळीस.

शाबासकी तर राहिलीच. सकाळी बाईंनी मला आणि विज्ञानाच्या मास्तरांना समोरासमोर उभं केलं. मास्तर तरुण आहेत, डोकं कायम पुस्तकात. अभ्यास खरंच त्यांनीच दिला होता. बाई म्हणाल्या, "मास्तर, दगडफेक झालेल्या गावात तुम्ही मुलांना घरून दगड आणायला सांगितलेत?"

"पुस्तकात धडा होता, बाई. खडकांचे प्रकार."

"पुस्तकात ज्वालामुखीचाही आहे."

मास्तर खाली बघायला लागले. मला वाटलं, सुटलो. तर बाई माझ्याकडे वळल्या. "काका, काल वर्गात काय झालं माहीत आहे? अलीकडच्या मुलांनी दगड काढून बाकावर मांडले. पलीकडच्यांची बाकं रिकामी. मास्तरांनी विचारलं, अभ्यास का नाही केला? कुणी बोललं नाही."

मी मास्तरांकडे पाहिलं.

"त्या रांगेतले दगड तुम्हाला सापडले नाहीत?"

खरं लिहायचं तर त्या रांगेची दप्तरं मी उघडलीच नव्हती. वेळ कुठे होता? पण हे बाईंना सांगताना माझी जीभ जड झाली. का झाली कळत नाही. मी तर कुणाचं वाईट चिंतलेलं नाही.

प्रश्नपत्रिका आली नाही.

१६ मार्च, शनिवार

तुझ्या विभागातली मुलगी आली. खांद्याला झोळी, पायात धुळीच्या चपला. तूच पाठवलंस म्हणाली. आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं. मी तिचीही झोळी तपासली. नियम म्हणजे नियम. ती हसली आणि स्वतःच उघडून धरली. आत नुसते रंगीत खडू.

तिने वर्गावर्गात जाऊन मुलांना कोरे कागद दिले. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा. आणि जिथं पोटात गोळा येतो, तिथं लाल रंग लावा. नाव घालायचं नाही, फक्त इयत्ता. जी मुलं येत नाहीत त्यांच्या घरी ती उद्या मावशीला घेऊन जाणार आहे. मी विचारलं, याने काय होणार? म्हणाली, "काका, आपण मोठी माणसं आधीच ठरवतो की मुलांना कशाची भीती आहे, आणि तिथंच पहारा बसवतो. एकदा त्यांना विचारून बघू."

विद्यापीठात हे असले खेळ चालतात का? पण म्हटलं, करा. निदान पुलावर पोलीस वाढवून मागायला कागद होतील.

१८ मार्च, सोमवार

एक्केचाळीस.

मला शंका होती तसंच निघालं, आणि त्याहून वाईट. नकाशांचे गठ्ठे बांधायला झोळीवालीने मला बसवलं. मी एकेक पाहिला. पुलावर लाल आहे, पण मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नाही. लाल आहे ते फाटकावर. आपल्या फाटकावर! पलीकडच्या जवळजवळ सगळ्या मुलांनी लावलंय. अलीकडच्यांतल्याही निम्म्यांनी. चौथीच्या गठ्ठ्यात उंच उंच माणसं काढलेला एक कागद होता, तो लंबूचाच असणार. तिनेही लावलंय, आणि ती तर भिंतीकडची.

म्हणजे कोणीतरी गुंड फाटकाच्या आसपास घुटमळतायत, मुलांना दमदाटी करतायत, आणि मी तिथं उभा असून मला पत्ता नाही. मी धावत बाईंकडे गेलो. म्हटलं, अजून एक माणूस द्या, फाटकाला वरून पत्रा ठोका, मी उद्यापासून तासभर आधी येतो. एका नकाशात तर त्या गुंडाचं चित्रही आहे, म्हटलं. हातात काठी, चेहऱ्याच्या जागी नुसती जाडजूड मिशी. पोलिसाला दाखवून ओळख पटवू.

झोळीवाली खडू गोळा करायला लागली. सगळे गोळा झाल्यावर परत सांडून परत गोळा केले.

बाई म्हणाल्या, "काका, नकाशे घरी घेऊन जा. चष्मा लावून सावकाश बघा."

रात्रभर पाहिले. माणूस ओळखू येत नाही.

१९ मार्च, मंगळवार

एकोणचाळीस. उद्या साहेब येणार. चाळीसच्या खाली गेलो.

दुपारी मी आणि मावशी पाण्याच्या टाकीपाशी बसलो होतो. मी तिला ते चित्र दाखवलं. म्हटलं, "तू पलीकडच्या सगळ्यांना ओळखतेस. असा मिशीवाला कोण आहे तिकडे?"

तिने कागद घेतला, पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "दादा, काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी आरसा आहे ना?"

मला खरंच कळलं नाही, बाळ. मी म्हटलं, आरशाचा काय संबंध? मग ती उठली, माझी काठी माझ्या हातात दिली आणि कागद माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

"आता कळलं?"

मी उसळलो. म्हटलं, "मी? मी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपतोय! माझा गुडघा बघ सुजलाय!"

"जपताय हो. कोण नाही म्हणतंय? गाईगुरांना जपतात तसं. मोजून आत, मोजून बाहेर." तिचा आवाज चढत नव्हता, तेच जास्त लागत होतं. "बावीस वर्षं मी या शाळेत आहे. मी पलीकडची आहे हे मला तुमच्या रांगेने सांगितलं. पोरांनाही तिनेच सांगितलं. आधी त्यांना मैदानावर खेळगडी निवडताना एवढंच कळायचं की कोण जोरात पळतो."

"मग तू तेव्हा का नाही बोललीस?"

"उन्हात उभी राहिले की. तुम्ही हसलात."

मी घरी आलो. आरशात पाहिलं. मिशी कापून टाकावी असं मनात आलं, वस्तराही काढला. मग वाटलं, मुलांना काय केसांचं भय वाटतंय? ठेवून दिला.

गठ्ठ्यातला प्रश्नपत्रिकेचा नकाशा शोधून काढला. नाव नाही, पण ओळखला. रस्त्यावर जिथंतिथं प्रश्न लिहिलेत. हापशाशेजारी, "हा रात्री कोण चालवतं?" पुलावर, जिथं दगडफेक झाली तिथं, लाल नाहीच. खाली पाण्यात दोन मासे काढलेत. लाल एकाच ठिकाणी आहे, फाटकावर, आणि तिथं खडू इतका दाबलाय की कागद फाटलाय. तिथं प्रश्न नाही.

२० मार्च, बुधवार

उजाडताच निघालो. फाटक मावशीवर सोपवलं. काठी घरी ठेवली. पिशवीत तिचे तीन दगड घेतले. बादलीतून शोधताना वेळ गेला, पण तिसरा लगेच सापडला, आतून पांढरी रेघ गेलेला. तो तिच्याकडे परत गेला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे तासाभरात कळलं.

जानेवारीनंतर मी पूल ओलांडला नव्हता. नकाशा हातात धरून उलटा चाललो. फाटक, पूल, हापसा, शिंप्याचं दुकान. त्यापुढच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपावर दोन माणसं बसली होती. त्यांनीही पहारा बसवलाय.

"कोण?"

"शाळेतला शिपाई."

"पलीकडचा ना? पिशवी उघडा."

उघडली. दोघं एकदम उभे राहिले. "वा! पलीकडून म्हातारा दगड घेऊन आलाय."

"अभ्यासाचे आहेत," मी म्हणालो.

तोंडातून बाहेर पडल्यावर माझे शब्द मलाच ऐकू आले. माणसं खो खो हसली. एकाने विचारलं, "आजोबा, कितवीत आहात?" पण हसता हसता त्याने माझं मनगट धरलं होतं, आणि ते सोडत नव्हता. दुसरा पिशवी हातात घेऊन झटकत होता, चष्म्याचं घर पडलं, रुमाल पडला. मी वाकून उचलावं की उचलू नये, कळेना. म्हातारपणी लोकांसमोर असं उभं राहावं लागतं ना, त्याची फार लाज वाटते.

तेवढ्यात प्रश्नपत्रिकेचे वडील आले. खुर्च्या विणतात ते. म्हणाले, "सोडा रे त्यांना. हे शाळेतले काका." आणि मला, "या." एवढंच.

खोलीत अर्ध्या विणलेल्या खुर्च्या एकावर एक. ती एका खुर्चीमागे बसली होती, विणीच्या भोकांतून बघत. तिची आई म्हणाली, "काका, तुम्ही वाईट आहात असं आम्ही म्हणत नाही हो. पण पोरगी झोपेत दचकते. शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसते."

मी दगड जमिनीवर ठेवले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, "अगं, हा तिसरा कसला आहे, ते सांगायचं राहिलं त्या दिवशी."

"सांग की," आई म्हणाली. "काका एवढ्या लांबून आलेत."

मुलगी उठली. कोपऱ्यातून दप्तर आणलं. नव्या दोऱ्याने शिवलंय. मला वाटलं, दगड आत ठेवणार. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दप्तराचं तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. मला आतलं दिसावं म्हणून. मी मागितलं नव्हतं, बाळ. शपथ घेऊन सांगतो, मी मागितलं नव्हतं.

मी म्हणालो, "नको, नको, ठेव." ती तशीच उभी. हात थकून खाली येत होते, तरी ती पुन्हा वर करत होती. शेवटी वडिलांनी ते दप्तर खाली घेतलं. मी निघालो. इतक्या वेळात तिने एकही प्रश्न विचारला नाही.

परत आलो तेव्हा साहेबांचं मोजून झालं होतं. एकोणचाळीस. साहेब म्हणत होते, "नियमात बसत नाही हो, बाई. एकाने का होईना, कमीच." बाई म्हणाल्या, "एक म्हणजे आकडा नाही, साहेब. नऊ वर्षांची मुलगी आहे. घरही दाखवते, चला." बराच वाद झाला. झोळीवालीने नकाशांचा गठ्ठा साहेबांसमोर ठेवला. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग पहिला कागद उचलला, मग खुर्ची ओढून बसले. तीस तारखेला पुन्हा मोजू म्हणाले. लेखी काही दिलं नाही.

ते गेल्यावर मी बाईंना सांगितलं, शिट्टी तुमच्या टेबलावर ठेवतोय, उद्यापासून मी फाटकावर नाही. त्यांनी आग्रह केला नाही. थोडा करतील असं वाटलं होतं.

२३ मार्च, शनिवार

दोन दिवस काही लिहिलं नाही, घरीच होतो. मावशी आत्ताच येऊन सांगून गेली. फाटक उघडं टाकलंय. ती नुसती बाजूला बसते, पाण्याचा पिंप घेऊन, येईल त्याला पाणी देते. रांग नाही. पहिल्या दिवशी मुलं आपणहून दोन रांगांत उभी राहिली, भिंतीकडची भिंतीकडे, कालव्याकडची कालव्याकडे. कुणी सांगितलं नव्हतं. मावशीने हुसकावलं तरी हलेनात. मी लावलेली सवय. काल कुठे थोडी मोडली. पुन्हा धक्काबुक्कीही झाली, एक बटण तुटलं, आणि ज्याचं तुटलं त्याने शिवून घेतलं, बस.

आज बेचाळीस. मी नसताना. प्रश्नपत्रिका त्यांत नाही. लंबू रोज पुलाच्या टोकापर्यंत जाऊन वाट बघते आणि एकटी परत येते, असं मावशी म्हणाली. आठवडा आहे हातात. मी बाईंना निरोप पाठवलाय की मी भर वर्गात माफी मागावी असं वाटत असेल तर येतो, नको असेल तर येत नाही, मुलांना सोयीचं असेल ते. अजून उत्तर नाही.

घरी बसून दुसरंच डोक्यात येतं, आणि त्याच्यासाठी ही वही आज टपालात टाकतोय. ठरवलं नव्हतं, पण टाकतोय.

तूही लहान होतीस तेव्हा भंडावून सोडायचीस. कालवा कुठे जातो, घंटा पितळेचीच का, पाल पडत कशी नाही. मी कामावरून यायच्या आत आईला विचारून संपवायचीस म्हणे. मग केव्हातरी, चौथीत असशील नाहीतर पाचवीत, एकदम बंद झालं. मी काही विचारलं की हो किंवा नाही, आणि माझ्यासमोर पुस्तक उघडून बसायचीस, मी बघावं म्हणून. मी सगळ्यांना सांगत फिरायचो, माझी पोरगी लवकर समंजस झाली.

त्या वर्षी काय झालं होतं? मी काही केलं होतं का? मला खरंच आठवत नाही, आणि तुझी आई आता विचारायला नाही. मारलेलं तर नाही कधी. पण या मुलीलाही मी मारलं नव्हतं.

तू हे शिकवतेस, तुला माहीत असणार की एकदा गप्प झालेलं मूल परत बोलायला लागायला किती दिवस लागतात. त्या मुलीसाठी विचारतोय. आणि आपल्यासाठीही. माझ्या वयाचा विचार करून गोड लिहू नकोस, खरं काय ते लिही. नाहीतर फोनच कर, पण मला पुढे बोलू देऊ नकोस, तूच बोल. टपालवाला दुपारी येतो, मी दारातच बसतो. लवकर कळव, बाळ.